युद्धपटांतील हिंसा आणि प्रेक्षकाची चेतना

युद्धपट हिंसा दाखवितो म्हणून तो हिंसेचा पुरस्कर्ता ठरत नाही, आणि युद्धाची भीषणता दाखविली एवढ्यावरून तो शांतिवादीही ठरत नाही. भगवान बुद्धांच्या शिकवणीत कर्माचे मूळ चेतनेत आहे. तेव्हा पडद्यावर रक्त किती सांडले, यापेक्षा ते पाहताना प्रेक्षकाच्या चित्तात काय उत्पन्न होते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) या चित्रपटाचे नाव या संदर्भात हटकून घेतले जाते. ६ जून १९४४ रोजी ओमाहा किनाऱ्यावर झालेल्या हल्ल्याचे त्यातील दृश्य तंत्राच्या दृष्टीने असामान्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी भिंगांवरील लेप काढविले, रंग फिके केले, आणि शटरचा कोन नेहमीच्या १८० अंशांवरून ९० व ४५ अंशांपर्यंत खाली आणला. कोन लहान झाला की प्रत्येक चौकटीवर प्रकाश कमी काळ पडतो. हालचालीचा पुसटपणा नाहीसा होतो आणि स्फोटाने उडालेला वाळूचा कण न् कण सुटा दिसतो. कॅमेरा हातात धरलेला, सैनिकांबरोबर धावणारा. मध्येच कॅप्टन मिलरला ऐकू येईनासे होते, तसे आपल्यालाही ऐकू येत नाही. येथे शौर्याला जागाच नाही. कोण जगेल, कोण मरेल, याला काही न्याय नाही.

परंतु हा प्रामाणिकपणा कथानकात टिकत नाही. पुढे मिलर एका जर्मन कैद्याला जीवदान देतो. शेवटच्या लढाईत तोच कैदी परत येतो, त्याच्याच गोळीने मिलर कोसळतो, आणि ज्या दुभाष्याने त्या कैद्यासाठी रदबदली केली होती तोच त्याला, हात वर केलेला असताना, गोळी घालतो. त्या क्षणी प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटावे, अशीच मांडणी आहे. दया ही चूक होती, हे येथे संवादातून नव्हे, संकलनातून सांगितले जाते. किनाऱ्यावर हादरलेले चित्त दोन-अडीच तासांत सूडाला राजी होते. आमचा आक्षेप तंत्राला नाही, या वळणाला आहे.

जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा यांचा 'बर्मीज हार्प' (१९५६) याच्या उलट वाटेने जातो. युद्ध संपल्यावरही डोंगरावर लढत राहिलेल्या तुकडीला शरण आणण्यासाठी मिझुशिमा हा सैनिक जातो. ते ऐकत नाहीत, तोफांचा मारा होतो. खरा चित्रपट त्यानंतर सुरू होतो. भिक्षूचे चोरलेले चीवर अंगावर घालून तो चालत राहतो. चित्रण कृष्णधवल आहे, कॅमेरा घाई करीत नाही, आणि नदीकाठी विखुरलेली प्रेते आपल्याला पाहावी लागतात. मारण्याची क्रिया जवळजवळ दिसतच नाही. दिसते ते तिचे उरलेले. वेषांतरासाठी घेतलेले चीवर पाहता पाहता खरे होते. धावणारा कॅमेरा भय देतो, थांबलेला कॅमेरा जबाबदारी देतो, असे आम्हांस येथे जाणवले.

भिक्षूने वाद्य वाजवावे हे विनयाला धरून नाही, ही तक्रार रास्त असली तरी गौण आहे. गंभीर उणीव निराळी आहे. मिझुशिमा पुरतो ते जपानी सैनिक. ज्या भूमीवर हे युद्ध लादले गेले, त्या ब्रह्मदेशातील मृत माणसे चित्रपटात कोठे आहेत? स्थानिक लोक येतात ते फळे विकायला, चीवरधाऱ्याला नमस्कार करायला, आणि नदीकाठी त्याला खड्डे खणू लागायला. त्यांच्या मातीत परके सैन्य गाडले जात असता त्यांचे स्वतःचे दुःख चौकटीबाहेर राहते. मैत्री आणि करुणा यांना राष्ट्राची सीमा नसते, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट सोडून देता कामा नये. १९८५ मध्ये इचिकावा यांनी हाच चित्रपट रंगांत पुन्हा काढला, तेव्हाही कथेचा केंद्रबिंदू जपानी सैनिकच राहिला.

तरीही विहारांतून युद्धपट दाखवायचा झाल्यास आम्ही १९५६ चा हा चित्रपटच निवडू, आणि तो संपल्यावर ब्रह्मी गावकऱ्यांविषयीचा हा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवू.