‘अ‍ॅनाबेसिस’मधील सैनिकाचा थकवा : एक चिकित्सा

इ.स.पूर्व ४०१ मध्ये कुनाक्साच्या रणांगणावर धाकटा सायरस मारला गेला आणि सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिकांना काळ्या समुद्राच्या दिशेने परतीची वाट धरावी लागली. या पायपिटीचा निवेदक झेनोफन स्वतः सेनानी असल्याने ‘अ‍ॅनाबेसिस’ प्रामुख्याने नेतृत्वाचा आदर्श म्हणून वाचला जातो. या वाचनात सामान्य सैनिकाचा थकवा दुर्लक्षित राहतो.

आर्मेनियातील बर्फात पादत्राणे न काढता झोपलेल्यांच्या पायांत त्यांचे बंद रुततात. गलितगात्र सैनिक पुढे चालण्याऐवजी मरण मागतात. पाचव्या भागात खेचर हाकणारा एक जण झेनोफनवर मारहाणीचा आरोप करतो. आजारी सैनिकाला नेण्याचे काम सोपविले असता याने त्याला जिवंतपणीच पुरण्यासाठी खड्डा खणला, असे उत्तर झेनोफन देतो. सैन्यही झेनोफनलाच उचलून धरते.

ते कृत्य समर्थनीय नाहीच. तथापि, येथे निवाडा नोंदविणारा स्वतःच आरोपी आहे. थकव्याने माणुसकी कशी झिजते, याचा सर्वांत बोलका पुरावा सेनानीच्या बचावातच उरला आहे. म्हणून हा ग्रंथ सेनानीच्या गौरवापलीकडे जाऊन वाचणे आवश्यक ठरते.