उमजलेलं गाणं

"ते सगळं ठीक आहे, पण तुमचं स्वतःचं काय लिहिताय सध्या?"

कन्नडमधून मराठीत पुस्तकं आणणाऱ्या बाईला बेळगावात हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी ऐकावाच लागतो. विचारणारी माणसं वाईट नसतात हो. त्यांच्या लेखी अनुवाद म्हणजे दुसऱ्यानं मळलेल्या पिठाची भाकरी, एवढंच. मीही हसून विषय बदलते. पण प्रश्न काही मनातून जात नाही.

म्हणूनच असेल, भाच्यानं पॅट मेथिनीची 'व्हॉट्स इट ऑल अबाउट' ही ध्वनिमुद्रिका लावून दिली तेव्हा मी कान टवकारले. "मावशी, यात शब्द नाहीत हं, नुसती गिटार. चालेल ना तुला?" असं त्यानं आधीच बजावलं होतं. मेथिनी हा अमेरिकेतला नावाजलेला जॅझ गिटारवादक, आणि स्वतः रचना करणारा. २०११ साली आलेल्या या ध्वनिमुद्रिकेत मात्र त्याची स्वतःची एकही रचना नाही. दहाच्या दहा गाणी दुसऱ्यांची. बीटल्सचं 'अँड आय लव्ह हर', सायमन-गारफंकेलचं 'द साउंड ऑफ सायलेन्स', कार्पेंटर्सचं 'रेनी डेज अँड मंडेज', जोबिमचं 'इपानेमाची मुलगी', बर्ट बाकारॅकचं 'अल्फी'. मेथिनीचा जन्म १९५४चा. म्हणजे बहुतेक गाणी त्याच्या शाळकरी वयात आणि कोवळ्या तारुण्यात रेडिओवर वाजणारी. दुसरा वादक नाही, तालवाद्य नाही. एकटा माणूस आणि त्याची गिटार. या ध्वनिमुद्रिकेला २०१२ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही 'न्यू एज' या वर्गात. तो वर्ग म्हणजे साधारणपणे मनाला शांत करणारं संगीत.

या शिक्क्यामुळेच मला आधी शंका आली. ओळखीची गाणी, मऊ वाजवलेली, पाठीमागे लावून ठेवावीत अशी. असलं संगीत हॉटेलात आणि दवाखान्यात भरपूर असतं. त्यात वाजवणाऱ्याचं कष्टाचं असं काही नसतं आणि ऐकणाऱ्याचंही नसतं.

दुसऱ्यांदा ऐकताना मत बदललं. बहुतेक गाणी त्यानं बॅरिटोन गिटारवर वाजवली आहेत. ही नेहमीच्या गिटारपेक्षा खालच्या स्वरांत बोलते. त्यातही त्यानं मधल्या दोन तारा एक सप्तक वर चढवून लावल्या आहेत. त्यामुळे खर्जाच्या शेजारीच एकदम उंच स्वर येतो, आणि एकाच वाद्यात दोघं-तिघं हळू आवाजात बोलत बसल्यासारखं वाटतं. 'साउंड ऑफ सायलेन्स'साठी तर बेचाळीस तारांची 'पिकासो' गिटार आहे. कॅनडातल्या लिंडा मँझर या कारागीर बाईंनी १९८४ साली ती त्याच्यासाठी बनवली. आधी त्या तारांचा झंकार पसरतो आणि मग त्यातून ओळखीची चाल वर येते. आपण ती ऐकत नाही, आठवतो. 'इपानेमाची मुलगी' इतकी सावकाश केली आहे की समुद्रकिनाऱ्यावरचा तो डौल जाऊन नुसती हुरहूर उरते. 'पाइपलाइन' मात्र दणक्यात. साठीच्या दशकातली ही इलेक्ट्रिक गिटारची धून मुळातच शब्दांवाचूनची. ती तो साध्या गिटारवर अशी झोडपतो, की 'शांत संगीत' म्हणणाऱ्यांना दचकायला व्हावं.

माझं अडलं ते एका गाण्यापाशी. कार्ली सायमनचं १९७१चं 'दॅट्स द वे आय हॅव ऑलवेज हर्ड इट शुड बी'. नावच लांबलचक. मूळ गाण्यातली मुलगी लग्नाच्या उंबरठ्यावर उभी आहे. आईवडिलांचं मुकं झालेलं घर तिनं पाहिलंय, लग्न झालेल्या मैत्रिणींचे चेहरेही वाचलेत. सगळं कळूनही शेवटी ती होकार देते. हे ऐकून गलबलली नाही अशी बाई माझ्या पिढीत क्वचितच मिळेल. मेथिनीकडे शब्द नाहीत, म्हणजे ती मुलगीही नाही. मला रागच आला. अनुवादात मी असं पान गाळलं असतं, तर लेखकानं मला उभं केलं नसतं!

मग एक गोष्ट कळली. त्या गाण्याचे शब्द जेकब ब्रॅकमन या गृहस्थांचे. कार्ली सायमनची स्वतःची होती ती चाल. म्हणजे मेथिनीनं गाळलं ते पुरुषाचं आणि ठेवलं ते बाईचं! पुन्हा ऐकलं. खालच्या स्वरांत घुटमळणारी ती ओळ, पुढे वर चढणारा सूर. भीती चालीतच होती. तरीही माझी तक्रार पुरती मिटली नाही. मूळ गाणं ज्यानं ऐकलेलं नाही त्याला भीती ऐकू येईल, पण ती कशाची ते कळणार नाही. शब्दांवाचूनच्या वादनाची ही मर्यादाच. मेथिनीची लय बहुतेक गाण्यांत एकसारखी संथ आहे, त्यामुळे ती जास्तच जाणवते. 'चेरिश'सारखं गाणं तर गुळगुळीत होऊन हातातून निसटतं.

अशा वेळी मला आमच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवतात. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवत. लोक थक्क होत. पुढे मोठेपणी त्यांनी बालगंधर्वांची पदं गायली, तेव्हा कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. लहानपणच्या हुबेहूब नकलेपासून या 'उमजलेले'पर्यंत किती साधना पडली असेल! नकलेत आपण नसतो. उमजण्यात आपण असतो, आणि म्हणून चूकही आपलीच असते.

मेथिनीची ही ध्वनिमुद्रिका मला याच जातीची वाटते. ही 'त्याला उमजलेली' दहा गाणी आहेत. काही पूर्ण उमजली, एकदोन निसटली. पण लहानपणी कानावर पडलेलं गाणं तो पन्नाशी उलटल्यावर पुन्हा उघडून बघतो, मूळ चालीला धक्का न लावता. शेवटचं 'अँड आय लव्ह हर' नायलॉनच्या तारांवर आहे. ते संपताना तो स्वर इतका हलकेच सोडतो, की गाणं कुणाचं हा प्रश्न मनात येतच नाही.

आता कुणी विचारलं, तुमचं स्वतःचं काय, तर विषय बदलणार नाही. सांगेन, हेच की. मला उमजलेलं.