ज्योतिषाची चाचणी कोणाला कशी सांगायची?

पीएचडीच्या इंटरव्ह्यूची तयारी सुरू केली की एक सल्ला हमखास मिळतो : 'आजीला समजेल असं सांग.' तीन मिनिटांत प्रबंध मांडण्याची स्पर्धा २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. आता तशा स्पर्धा आपल्याकडेही होतात, आणि तिथेही साधारण हाच सूर असतो. अवघड शब्द काढा, एखादी उपमा घाला, हसऱ्या चेहऱ्याने बोला. सल्ला वाईट नाही, पण माझ्या मते तो अपुरा आहे. (शिवाय आजीला कमी समजतं हे त्यात आधीच धरलेलं आहे, ते वेगळंच.) भाषा सोपी करणं हे शेवटचं काम. त्याआधी समोरच्याचा प्रश्न कोणता आहे ते शोधावं लागतं, कारण तुमचा निष्कर्ष एकच असला तरी प्रश्न माणसागणिक बदलतात.

हे दाखवायला पुण्यातच झालेलं एक संशोधन घेते. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. २००९ मध्ये ती 'करंट सायन्स'मध्ये छापून आली, जेमतेम तीन पानांत. त्याआधी २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं होतं आणि त्यावर बराच वाद झाला होता, हे ध्यानात ठेवून ती पानं वाचा. रचना अशी : २०० मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या मांडल्या. त्यातली १०० मुलं अभ्यासात हुशार म्हणून माहीत असलेली, १०० बौद्धिक अपंगत्व असलेली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवायच्या आणि त्याने फक्त एवढंच सांगायचं, की हे मूल कोणत्या गटातलं. ५१ जणांनी भाग घ्यायची तयारी दाखवली, उत्तरं आली २७ जणांकडून. अचूकता सुमारे ४६ टक्के. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

आता हे तुम्हाला तीन ठिकाणी सांगायचं आहे असं समजा.

पहिलं ठिकाण, परीक्षकांचं पॅनेल. इथे बहुतेकांचा तुमच्या निष्कर्षाला विरोध नसतोच. खरा धोका तोच असतो. टाळ्यांचं वाक्य ओठांवर येतं, 'ज्योतिषी नाण्यापेक्षाही वाईट निघाले!' गॅदरिंगमध्ये खपेल, पॅनेलसमोर अडकाल. कोणीतरी शांतपणे विचारेल, 'मग त्यांची उत्तरं उलटी केली तर ५४ टक्के बरोबर येतात. म्हणजे कुंडलीत काहीतरी आहे का?' नुसतं गणित मांडलं तर १०८० उत्तरांत ४६ टक्के हा आकडा योगायोगाच्या मानाने खरंच थोडा कमी दिसतो. पण ही १०८० उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. त्याच २०० कुंडल्या फिरून फिरून वेगवेगळ्या लोकांकडे गेल्या, आणि ज्योतिषी नियमही बरेचसे सारखेच वापरतात. त्यामुळे ४६ चा अर्थ 'नाण्याच्या आसपास' एवढाच घ्यायचा, 'नाण्याच्या खाली' असा नाही. २४ च्या विक्रमाचंही तेच. २७ जणांनी प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवलं तर एखादा नुसत्या नशिबाने २६ पर्यंत सहज जाऊन बसेल. हे तुम्ही पॅनेलच्या आधी स्वतःच बोललात तर अर्धी लढाई तिथेच संपते.

याच ठिकाणी या निबंधावर माझा आक्षेप आहे. शीर्षकाचा अर्थ मराठीत 'ज्योतिषाची एक संख्याशास्त्रीय चाचणी' असा होतो. प्रत्यक्षात चाचणी झाली एका दाव्याची : बुद्धिमत्ता कुंडलीत दिसते का. विवाह, नोकरी, साडेसाती यांना कोणी हात लावलेला नाही. आतला मजकूर नेमका आहे, प्रयोग स्वच्छ आहे, पण पाटी दुकानापेक्षा मोठी लागली आहे. ज्याला हे मान्यच करायचं नाही तो पाटीवरच बोट ठेवतो, आत येतच नाही.

दुसरं ठिकाण माझ्या घराजवळचं. मी रहाटणीत राहते. इथे सकाळी कोकणे चौकात कंपनीच्या बसची वाट बघणारे लोक भोसरी, चाकणला जातात, आणि त्यांच्यातले कितीतरी क्वालिटीत आहेत. यांना आकडेवारी 'सोपी करून' सांगायला गेलात तर तुमचीच फजिती होईल. सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणीसाची परीक्षा कशी घेतात माहीत आहे? आधीच ठरवलेले काही ओके पीस आणि काही रिजेक्ट पीस एकत्र मिसळून त्याच्यापुढे ठेवतात. कोणता कसला, हे त्याला सांगत नाहीत. त्याने वेगळे करायचे, मग मूळ यादीशी ताडून बघायचं. याला अॅट्रिब्यूट एमएसए म्हणतात. पुण्यातला प्रयोग हुबेहूब हाच आहे, फक्त पीसच्या जागी कुंडल्या. शेजारच्या क्वालिटीतल्या काकांना मी एवढंच म्हटलं, 'काका, ज्योतिषांची एमएसए केली, ४६ टक्के आली.' काका म्हणाले, 'मग असा माणूस लाइनवर कशाला ठेवायचा?'

लगेच खूश होऊ नका. उपमा एकटी येत नाही, सोबत स्वतःचे प्रश्न घेऊन येते. काकांचा पुढचा प्रश्न होता, 'पण हे २७ जण चांगले इन्स्पेक्टर होते कशावरून? आमच्याकडे नापास झाला की ट्रेनिंग देतो, गेज फेकून देत नाही.' म्हणजे ज्योतिषी कच्चे असतील, शास्त्र नाही. ज्योतिषाच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद माझ्याच उपमेने त्यांच्या हातात दिला! याला प्रामाणिक उत्तर असं : गेज चांगलं आहे हे आपल्याला मास्टर पीसवरून स्वतंत्रपणे कळतं. कुंडलीच्या बाबतीत तसा मास्टर पीस कोणी दाखवलेला नाही, आणि चांगला ज्योतिषी आधीच ओळखायची खूणही नाही. काकांनी आणखी एक विचारलं, की एकाच ज्योतिषाला तीच कुंडली पंधरा दिवसांनी परत दिली तर तो तेच सांगेल का? एमएसएमध्ये तसं करतातच. हा वेगळा प्रयोग झाला, आणि करण्याजोगा आहे. नीट मांडणी केली की श्रोता तुम्हाला पुढचा प्रयोग सुचवून जातो, तो असा.

(जाता जाता : नारळीकरांना या 'नाव झाकून तपासा' प्रकाराची आवड जुनी असावी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं.)

तिसरं ठिकाण सगळ्यांत अवघड, आणि त्या तीन पानांत ते नाहीच. बौद्धिक अपंगत्व असलेल्या त्या १०० मुलांच्या जन्मवेळा आल्या तेव्हा प्रत्येक वेळेमागे एक घर होतं. त्यातली एक आई डोळ्यांसमोर आणा. तिला ४६ टक्के सांगायचे कसे? 'ज्योतिष थोतांड आहे' म्हणालात तर ती उठून जाईल, आणि बरोबरच करेल. तिचा प्रश्न ज्योतिष खरं की खोटं हा नाहीच. तिचा प्रश्न, बहुधा कितीतरी वर्षांचा, असा आहे : लग्नाआधी पत्रिका नीट बघितल्या असत्या तर? बारशाच्या वेळी कोणी इशारा दिला होता तो ऐकला असता तर? घरात कोणी ना कोणी हे तिला बोलूनही दाखवलेलं असतं.

तिला हाच आकडा वेगळ्या तोंडाने सांगता येतो. 'ताई, तुमच्या मुलासारख्या शंभर मुलांच्या पत्रिका आणि हुशार म्हणून नावाजलेल्या शंभर मुलांच्या पत्रिका मिसळून सत्तावीस ज्योतिषांपुढे ठेवल्या. त्यांना फरक दिसला नाही. मुलं मोठी झालेली असताना, दोनच पर्याय दिलेले असतानाही दिसला नाही. म्हणजे तुमच्या वेळी कोणी बघितलं असतं तरी दिसलं नसतं.' आकडा तोच, दावा तेवढाच. परीक्षकांसमोर जो नुसता निकाल होता तो इथे एका बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवू शकतो. या मांडणीत मी कुठेही जास्तीचं काही बोललेले नाही, हे तपासून बघा. सगळे ज्योतिषी असं म्हटलेलं नाही, सत्तावीस म्हटलंय. लग्नाचा योग, आयुष्यमान यांचा विषयही काढलेला नाही.

आणि ती विचारेल, 'मग झालं कशामुळे?' त्या तीन पानांत याचं उत्तर नाही, तुमच्याकडेही नसेल. तिथे नारळीकरांचं नाव पुढे करून काहीतरी बोलायचं नाही. जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे काही वेळा उत्तर असतं, काही वेळा नसतं, हे दोन्ही तिला सांगायचं आणि ओपीडीचा वार विचारून द्यायचा.