गिरणी नावाचा रेझिस्टन्स

इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही मुलामुलीला विचारा, चार वर्षांत सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं पुस्तक कोणतं. गाईडं आणि सिनियरच्या झेरॉक्सा बाजूला ठेवल्या तर उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : थेराजा. बी. एल. थेराजा आणि ए. के. थेराजा यांचं 'अ टेक्स्टबुक ऑफ इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजी'. एकूण चार खंड, त्यातला दुसरा एसी-डीसी मशिन्सचा. 'गेट'ची तयारी करणारे बिंब्रा किंवा नागरथ-कोठारी वाचतात आणि थेराजाला जरा खालच्या पंगतीत बसवतात. पण सेमिस्टरच्या आदल्या रात्री तेही गुपचूप इकडेच येतात.

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, हल्ली वेबसिरीजचीही होते. पण ज्या गद्यासोबत हजारो मुलं वयाची अठरा ते बावीस ही वर्षं काढतात, त्या गद्याकडे गद्य म्हणून कुणी बघत नाही. त्याला निवेदक आहे, शैली आहे, लकबी आहेत. आणि माझ्या मते एक मोठी खोडही आहे. तिच्याबद्दल हे लिहिते आहे.

आधी जे आवडतं ते. सोडवलेल्या उदाहरणाच्या शेवटी कंसात बारीक अक्षरांत पेपरचं नाव, विद्यापीठ आणि साल दिलेलं असतं. मुंबई, पुणे, नागपूर, बडोदा, मद्रास, मध्येच ए.एम.आय.ई. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते तशी ही गणिताची नाममुद्रा, फक्त इथे नाव कवीचं नसून परीक्षेचं. म्हणजे हे पुस्तक दोघांनी लिहिलेलं असलं तरी ते सांगतात ती गणितं कित्येक वर्षांच्या, कित्येक शहरांतल्या परीक्षांनी रचलेली आहेत. नागपूरच्या कुठल्याशा हॉलमध्ये कुणीतरी घाम पुसत सोडवलेला ट्रान्सफॉर्मर बराच काळ फिरत फिरत तुमच्या वहीत येतो. मला हे फार लोभस वाटतं.

दुसरं म्हणजे धीर. हे पुस्तक पायरी गाळत नाही. भागाकार केला तर तो दाखवतं, एकक लिहितं, वाक्यं लहान ठेवतं. दहावीपर्यंत 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' म्हणत आलेल्या माझ्यासारखीला पहिल्या वर्षी वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं, तेव्हा या पुस्तकातल्या आकड्यांनी हात धरून चालवलं. भाषा कळली नाही तरी गणित कळायचं आणि मग गणितावरून भाषा कळायची. हे ऋण मोठं आहे, ते नाकारून पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

आता खोड. तिच्यासाठी इंडक्शन मोटर थोडी समजून घ्यावी लागेल. कंटाळू नका, दोन परिच्छेदांचं काम आहे.

मोटरच्या बाहेरच्या, स्थिर भागात तीन फेजचा पुरवठा दिला की आत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागतं. चार पोलची मोटर आणि ५० हर्ट्झची वीज असेल तर मिनिटाला १५०० फेरे. मधे असलेल्या रोटरला बाहेरून एकही वायर जोडलेली नसते. फिरतं क्षेत्र त्याच्या सळ्यांवरून जातं, सळ्यांत करंट निर्माण होतो आणि रोटर त्या क्षेत्राच्या मागे धावू लागतो. पण तो १५०० कधीच गाठत नाही. गाठलं तर क्षेत्र आणि सळ्या एकाच वेगाने फिरतील, काही कापलंच जाणार नाही, करंट संपेल आणि ओढही संपेल. म्हणून मोटरच्या पाटीवर तुम्हाला १४४० वगैरे आकडा दिसतो. मागे राहिलेल्या त्या ६० फेऱ्यांचं १५०० शी प्रमाण, म्हणजे ४ टक्के, ही झाली स्लिप.

या यंत्राचा अभ्यास करायचा तर ते जसं आहे तसं कागदावर मांडणं अवघड जातं. म्हणून 'इक्विव्हॅलंट सर्किट' काढतात. ही आमच्या विषयातली सगळ्यात धाडसी कल्पनाकृती आहे. जे जोडलेलं नाही ते त्यात वायरने जोडलेलं दाखवतात. जे फिरतंय ते थांबलेलं दाखवतात. आणि मोटर जे काम करते, म्हणजे पाणी उपसते, लिफ्ट ओढते, पीठ दळते, ते सगळं काम एका रेझिस्टन्सने दाखवतात. रोटरचा स्वतःचा रेझिस्टन्स घ्यायचा, त्याला एक वजा स्लिपने गुणायचं आणि स्लिपने भागायचं. झालं. त्या काल्पनिक रेझिस्टन्समध्ये जेवढी वीज 'जळते' तेवढं यांत्रिक काम. हिशेब अगदी चोख येतो.

म्हणजे इथे एक रूपक रचलंय, आणि तेही इतकं तोलाचं की त्यावर कारखाने चालतात. पण पुस्तकाचा निवेदक ते रूपक आहे हे मोठ्याने म्हणत नाही. मेकॅनिकल लोडचा इलेक्ट्रिकल पर्याय, असं एका ओळीत सांगून तो पुढच्या उदाहरणाकडे वळतो. त्याचं सगळं बोलणं 'असे आढळते', 'असे मानले जाते' या कर्मणी प्रयोगात. कोण मानतं, का मानतं, मानलं नाही तर काय बिघडतं, याचा पत्ता नाही. मुलगी चौकोन काढते, त्यावर सूत्र लिहिते, आठ मार्क घेते. तो चौकोन म्हणजे काय, हे तिला कुणी विचारत नाही आणि तीही विचारत नाही.

ती मुलगी मीच. आमच्या घरची पिठाची गिरणी आहे. दहा हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा, दगड. पाटीवर १४४०. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी गिरणीत बसून याच प्रकरणाची तयारी करत होते आणि अण्णा ज्वारी दळत होते. वरून धान्य जरा जास्त सुटलं असावं. मला काही जाणवलं नाही. अण्णांनी मान वर केली, दाणे कमी केले, मग पुन्हा गिऱ्हाइकाशी बोलू लागले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "आवाज बसला होता गं. तसंच ठेवलं असतं तर दगड अडकला असता आणि वाइंडिंग गेली असती."

माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. अण्णा जे बोलले ते त्यात होतं, पण तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि ती तीन ठिकाणं एकमेकांशी बोलत नव्हती. मी तेव्हा जोडलं नाही. रिझल्ट लागल्यावर, कधीतरी जेवता जेवता जोडलं.

४ टक्के स्लिप असताना त्या काल्पनिक रेझिस्टन्सची किंमत काढा : रोटरच्या रेझिस्टन्सच्या २४ पट. धान्य जास्त सुटलं, मोटर जड झाली, वेग १४४० वरून १३८० वर आला, तर स्लिप ८ टक्के. आता तीच किंमत फक्त साडेअकरा पट. वेग साठच फेऱ्यांनी उतरला, पण कागदावरचा रेझिस्टन्स निम्म्याहून खाली कोसळला आणि करंट वाढला. अण्णांना ऐकू आला तो हा फरक. माणूस कानाने स्लिप मोजत होता. आणि दगड पूर्ण अडकला तर? रोटर थांबला, स्लिप झाली एक, एक वजा एक शून्य, रेझिस्टन्स शून्य. चौकोन नाहीसा झाला, तिथे नुसती वायर उरली. शॉर्टच म्हणा ना. अशा वेळी मोटर पूर्ण लोडच्या पाच-सात पट करंट ओढते. सहापट करंट म्हणजे वाइंडिंगमध्ये छत्तीसपट उष्णता. मग येतो तो करपट वास, जो गावात कुणालाही ओळखू येतो.

तर चौकोन म्हणजे गिरणी होती. इतकं साधं. ते रूपक माझ्या घराबद्दल बोलत होतं, मी त्याच्यावर आठ मार्क घेतले होते आणि मला ते कळलं नव्हतं. याचा दोष सगळाच पुस्तकावर टाकत नाही, माझं डोकंही होतं की. पण निवेदकाने एकदा, फक्त एकदा, म्हटलं असतं की हा रेझिस्टन्स आपण कल्पिला आहे, यात एखादी गिरणी बसवून बघा, तर?

असंच सर्कल डायग्रामचं. इंडक्शन मोटरचा लोड बदलत नेला की करंटच्या फेजरचं टोक एका वर्तुळावरून सरकतं. १८९४ साली हायलँडने हे मांडलं. थोडं थांबून बघा : मोकळी फिरणारी मोटर, निवांत दळणारी गिरणी, आवाज बसलेली गिरणी, अडकलेला दगड, हे सगळं एकाच अर्धवर्तुळावरचे बिंदू आहेत. एका कंपासच्या फेऱ्यात मोटरची सगळी सुखदुःखं. आणि आम्हाला ते शिकवलं कसं? पाककृतीसारखं. अमुक स्केल घ्या, अमुक अंशात रेघ ओढा, लंबदुभाजक काढा, केंद्र मिळेल. 'ब्लॉक्ड रोटर' हा बिंदू मी कितीतरी वेळा पेन्सिलीने टिंबला असेन. ब्लॉक्ड रोटर, म्हणजे अडकलेला दगड. लॅबमध्ये रोटर घट्ट धरून कमी व्होल्टेजवर ही चाचणी घेतात. कमीच का, ते आता सांगायला नको.

कुणी म्हणेल, टेक्स्टबुकाकडून ललित लेखनाची अपेक्षा कशाला? मी ललित मागत नाहीये. मला हवी आहे कबुली. आणि विजेच्या गद्यात ती परंपरा आहे. मायकल फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता शिकला, विद्यापीठात गेला नाही, त्याला वरचं गणित येत नव्हतं. त्याचं 'एक्सपेरिमेंटल रिसर्चेस इन इलेक्ट्रिसिटी' तीन खंडांचं आहे, परिच्छेदांना ओळीने क्रमांक, रोजनिशीसारखं. २९ ऑगस्ट १८३१ ला त्याने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना दोन कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडली, दुसरीकडे काय होतं ते सुईवर बघत बसला. सुई जोडताना हलली, तोडताना हलली. मधल्या वेळात, करंट सुखाने वाहत असताना, काही नाही. हे 'काही नाही' तो लिहून ठेवतो. त्याच्याच लेखनात त्याचं फसणं वाचायला मिळतं.

त्या 'काही नाही'चं आमच्याकडे काय झालं बघा. तो व्हायव्हाचा प्रश्न झाला. ट्रान्सफॉर्मरला डीसी दिला तर? "जळेल, सर." बरोबर, पुढचा. आणि कड्याची झाली ती मंत्रासारखी घोकलेली ओळ : ई बरोबर चार पॉइंट चव्वेचाळीस एफ एन फाय एम. थेराजा हे ४.४४ कुठून आलं ते नीट काढून दाखवतो, त्यात कसूर नाही. पण सुई फक्त बदलाच्या क्षणी का हलते याचं नवल त्यात कुठे उरतं? 'इम्पीडन्स' हा शब्द १८८६ मध्ये बनवणारा ऑलिव्हर हेवीसाइड तारयंत्रावर काम केलेला आणि कॉलेज न बघितलेला होता. त्याचं तर नावही प्रकरणात भेटत नाही. शब्द सगळे वापरतात, शब्द करणारा गायब.

आता यावर एक तयार उत्तर असतं : मराठीतून शिकवा. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनियरिंग शिकवायला परवानगी दिली आहे, भाषांतरित पुस्तकंही येत आहेत. मला त्याचा आनंद आहे. पहिल्या वर्षी मला ते मिळालं असतं तर अनेक रात्री वाचल्या असत्या. पण एक शंका आहे. ट्रान्सफॉर्मरला महावितरणचा कागद 'रोहित्र' म्हणतो, गाव 'डीपी' म्हणतं. भाषांतर करणारा रोहित्र निवडणार, हे ठरलेलं. निवडू दे, छान शब्द आहे. पण 'एका ५० हर्ट्झच्या रोहित्राला असे जोडले असता असे आढळते' असं वाक्य मराठीत आलं, तर बोलणारा तोच जुना निवेदक राहिला, त्याने फक्त शर्ट बदलला. डीपी जळते तेव्हा त्या वाक्यातून काही दिसणार नाही. थ्री फेज रात्रीची आहे म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर मोटर चालू करायला जाणारा माणूसही त्या वाक्यात नसेल. मला त्या माणसाचं कौतुक-वर्णन नकोय. त्याच्या मोटरचा एक फेज गेला तर ती नुसती घुमते आणि का जळते, एवढं एक उदाहरण हवंय. सोडवलेलं. शेवटी कंसात हवं तर गावाचं नाव.

गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा अण्णांना दळणाच्या वहीच्या मागच्या पानावर ते सर्किट काढून दाखवलं. पुरवठा इकडे, वाइंडिंग इकडे, रोटर हा. अण्णांनी चष्मा वर केला आणि शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"आणि हे काय?"

"ही आपली गिरणी."

बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "दगडाला टाकी लावली की हा वाढतो का कमी होतो?"

चार वर्षांत हा प्रश्न मला एकाही पेपरात आला नव्हता. दगडाला टाकी लावली की दळण हलकं जातं, मोटर हलकी चालते, स्लिप कमी होते. मी चौकोनाशेजारी पेन्सिलीने २४ लिहिलं, ते खोडलं, आणि १४५० फेरे धरून नवीन आकडा काढायला घेतला. २९ आला.