वास्तुवर्णनाची परिभाषा : काही विचार

प्राचीन वास्तूचे वर्णन वाचणाऱ्यापुढे ती वास्तू बहुधा नसते. त्याच्यापुढे केवळ शब्द असतात. ते सैल असतील तर वास्तू पाहिल्याचा भास होतो, ज्ञान होत नाही. आपल्या ग्रामेतिहासांतून, स्थलवर्णनांतून आणि शालेय पाठांतून या बाबतीत जी ढिलाई रूढ झाली आहे, तिचा विचार साहित्यसंस्थांनी करणे अवश्य आहे, असे आम्हांस वाटते. परिभाषा ही केवळ पुरातत्त्वज्ञांची चिंता नव्हे. ती भाषेचीही आहे.

या ढिलाईचे ठळक उदाहरण म्हणजे ‘हेमाडपंती’ हा शब्द होय. काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंती, असा आपला प्रघात. आता हा एकच शब्द किती विधाने करतो ते पाहावे. बांधणी चुन्यावाचून आहे, हे एक. घडण एका विशिष्ट शैलीची आहे, हे दुसरे. आणि काळ यादवांच्या प्रधानाचा आहे, हे तिसरे. पैकी पहिले बहुधा खरे असते, दुसरे संदिग्ध असते आणि तिसरे पुष्कळदा चूक असते. हेमाद्री हा महादेव यादव (१२६१ ते १२७१) व त्यानंतर रामचंद्र यादव यांच्या राजवटीतील अधिकारी. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहारकालीन लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ज्याचा जन्मही झाला नव्हता, त्याच्या नावावर हे देऊळ दोन शतके आधीच चढले! विशेषणाने इतिहास उलटा करावा, हे कोणत्याही गद्याला शोभणारे नाही.

यावर उपाय कठीण नाही. तीन विधानांना तीन शब्द द्यावेत. बांधणीविषयी ‘चुन्यावाचून रचलेले दगडी बांधकाम’ असे सरळ म्हणावे. काळ लेखावरून ठरत असेल तर सांगावा, नसेल तर त्याविषयी मौन पाळावे. शैलीकरिता जुन्या शिल्पग्रंथांकडे जावे. शिखराच्या चार बाजूंवर मधोमध उभे पट्टे आणि त्यांच्या दरम्यान लहान शिखरांच्या आडव्याउभ्या रांगा, अशी जी रचना अंबरनाथला, सिन्नरच्या गोंदेश्वराला आणि माळव्यात उदयपूरच्या उदयेश्वराला आढळते, तिला ‘भूमिज’ हे नाव आहे. भोजाच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात ते येते आणि हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतच १९२४-२५ मध्ये छापला गेला. धार आणि बडोदे यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असलेल्या मराठी समाजाला हा शब्द परका वाटू नये.

तथापि संस्कृत शब्द आणला की काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. ‘लेणे’ हा आपला शब्द घ्या. नाशिकच्या सातवाहनकालीन प्राकृत लेखांत तो ‘लेण’ या रूपाने आहे. सुमारे दोन हजार वर्षे तो याच अर्थाने चालत आला. असे असता इंग्रजीच्या अनुकरणाने ‘गुहा क्रमांक अमुक’ लिहिणे हा करंटेपणा होय. गुहा निसर्ग करतो, लेणे माणूस कोरतो. हा भेद मराठीने जपला आहे आणि इंग्रजीच्या एका शब्दात तो बुडतो. तसेच उत्खननात सापडलेल्या फुटक्या भांड्याच्या तुकड्याला ‘खापर’ म्हणावे. ‘मृत्पात्रखंड’ म्हटल्याने तो अधिक प्राचीन होत नाही.

सीमाभागात राहणाऱ्या आम्हां लोकांना आणखी एक गोष्ट जाणवते. येथले काही शब्द कानडीच्या सोबतीने घडले आहेत. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती १२०४ मधली. मंडपाच्या छतात कोरलेल्या कमळावरून तिचे नाव पडले. परंतु दूरच्या वाचकाला ‘बस्ती’ म्हणजे घरांची वसाहत वाटते. संस्कृत ‘वसति’, कानडी ‘बसदि’ आणि तीवरून आलेली ही ‘बस्ती’ म्हणजे जैन मंदिर, एवढे स्पष्टीकरण प्रत्येक वेळी द्यावे. शब्द बदलू नये. ‘वीरगळ’ आणि ‘गद्धेगाळ’ यांचीही अशीच गल्लत होते. पहिल्यातील ‘गळ’ म्हणजे कानडी ‘कल्लु’, दगड. लढाईत पडलेल्या वीराचे ते स्मारक. दुसऱ्यातील ‘गाळ’ म्हणजे शिवी, शाप. दान मोडणाऱ्याला उद्देशून ती गाढवाच्या आकृतीसह दगडावर कोरीत. एकाचा गौरव आणि दुसऱ्याचा धाक ऱ्हस्वदीर्घाच्या निष्काळजीपणाने एक होऊ देणे बरे नव्हे.

कोणी म्हणेल, ‘हेमाडपंती’ शब्दावर लोकांची माया आहे. तो का काढावा? आम्ही तो काढा असे म्हणत नाही. गावकरी देवळाला काय म्हणतात, ही देखील नोंदण्याजोगी वस्तुस्थितीच आहे. फक्त ‘गावात यास हेमाडपंती म्हणतात’ असे लिहावे. ‘हे हेमाडपंती आहे’ असे लिहू नये. या दोन वाक्यांतील अंतर विद्यार्थ्याला कळले, तर त्याला प्रमाण आणि प्रवाद यांतील अंतर कळले, असे समजावे.

हा शब्दच्छल नव्हे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढतात, जुन्या जोत्यावर फरश्या बसतात, वीरगळ पायरीखाली जातात. अशा वेळी एखाद्या शिक्षकाने लिहून ठेवलेले चार पानांचे वर्णन हाच पुढे एकमेव पुरावा उरतो. त्यातील शब्द चुकला, तर वास्तू दुसऱ्यांदा नष्ट होते. म्हणून आमची सूचना माफक आहे: प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील एका वास्तूचे वर्णन करावे, जे दिसते ते आधी, जे ऐकले ते नंतर, आणि जे अनुमान ते सर्वांत शेवटी लिहावे. अशा वर्णनांतून जमणारे शब्द साहित्यसंस्थांनी पारखून घेतले, तर परिभाषेचा कोश वरून लादावा लागणार नाही. तो खालून उभा राहील.