भिंत कोणाची? सार्वजनिक भित्तिकलेतील ‘सर्वांसाठी’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

कलादालनाचा उंबरठा न ओलांडता जी पाहता येते ती सार्वजनिक कला, अशी तिची सोपी व्याख्या केली जाते. तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, पाहणाऱ्याच्या शिक्षणाची अट नाही; म्हणून रस्त्यावरील भित्तिकला ‘सर्वांसाठी’ आहे, असे गृहीत धरले जाते. परंतु या एका शब्दात तीन भिन्न दावे सामावलेले आहेत. ही कला सर्वांना दिसते, हा पहिला. ती सर्वांना करता येते, हा दुसरा. आणि तिच्या निर्मितीविषयी व विनाशाविषयी सर्वांना बोलता येते, हा तिसरा. प्रस्तुत लेखात मुंबईतील दोन उपक्रम प्रामुख्याने विचारात घेऊन या दाव्यांची चिकित्सा केली आहे.

ग्राफिटी आणि परवानगी

आधुनिक ग्राफिटीचा उगम परवानगी नाकारण्यात आहे. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने ‘टाकी १८३’ या सहीची दखल घेतली. निरोप पोहोचविण्याचे काम करणारा एक तरुण आपले टोपणनाव आणि आपल्या रस्त्याचा क्रमांक शहरभर लिहीत होता. या सहीत रूढ अर्थाचे सौंदर्य नव्हते. होता तो केवळ ‘मी येथे आहे’ हा उद्गार. ज्यांना शहर ओळखत नाही त्यांनी शहराच्या अंगावर आपले नाव लिहावे, हा ग्राफिटीचा मूळ आशय होय. येथे दुसरा दावा खरा ठरतो, कारण कोणीही लिहू शकतो. मात्र भिंतीच्या मालकाचा आणि शेजाऱ्याचा विचार त्यात नसतो, हेही मान्य केले पाहिजे.

भित्तिचित्र बहुधा याउलट वाटेने जाते. ते परवानगीने, पुष्कळदा प्रायोजकाच्या पैशाने आणि निवडलेल्या कलावंताच्या हातून साकारते. ‘महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५’ अन्वये विनापरवाना भिंतीवर लिहिणे वा रंगविणे हा गुन्हा आहे. रंग तोच, भिंत तीच. परवानगीचा कागद असला की सुशोभन, नसला की विद्रूपण. सौंदर्याचा निर्णय अशा रीतीने प्रशासनाच्या हाती जातो.

तुळशी पाइप रोड: सहभाग आणि त्याची मर्यादा

ऑगस्ट २००९ मध्ये ‘वॉल प्रोजेक्ट’ या उपक्रमांतर्गत सेनापती बापट मार्गालगतची, म्हणजे जुन्या तुळशी पाइप रोडलगतची, रेल्वेची भिंत शेकडो नागरिकांनी रंगविली. त्यांत प्रशिक्षित चित्रकार होते, तसेच हातात प्रथमच कुंचला धरणारेही होते. कलेची गुणवत्ता साहजिकच असमान होती; परंतु ही असमानताच त्या भिंतीचे वैशिष्ट्य ठरते. महापालिकेच्या संमतीने झालेल्या या उपक्रमात दुसरा दावा बऱ्याच अंशी सिद्ध झाला. मात्र राजकीय व धार्मिक आशयाला तेथे मज्जाव होता. गिरणगावाला लागून जाणाऱ्या या रस्त्यावर संपाविषयी वा घरांविषयी बोलणे ‘राजकीय’ ठरणार असेल, तर भिंत सर्वांना मिळाली, पण सर्व विषयांना मिळाली नाही, असे म्हणावे लागते.

ससून डॉक: प्रतिमा आणि प्रेक्षक

१८७५ साली बांधलेल्या ससून डॉकमध्ये ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ने २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कला महोत्सव भरविला. मासळीबाजाराच्या परिसरात कोळी समाजातील स्त्री-पुरुषांच्या भव्य चेहऱ्यांना स्थान मिळाले. जो समाज मुंबईचा मूळ रहिवासी असूनही शहराच्या प्रतिमेतून वगळला जातो, त्याला त्याच्याच आवारात मोठ्या आकारात पाहणे, हे या उपक्रमाचे निःसंशय यश आहे. कलादालनात कधी न जाणारा आणि बंदरात कधी न येणारा, असे दोन्ही वर्ग तेथे समोरासमोर आले.

तरीही एक भेद दुर्लक्षिता येत नाही. चित्रविषय होणे आणि चित्राचा कर्ता होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. वारली परंपरेशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिणाऱ्या सुवासिनी त्या घराच्या, त्या पाड्याच्याच असतात. चित्र, विधी आणि समाज तेथे एकरूप असतात. तीच मानवाकृती आज शहरांतील कुंपणांवर आणि पुलांच्या खांबांवर सजावट म्हणून उतरते, तेव्हा ती सर्वांना दिसते खरी. परंतु विधी मागे राहतो आणि लिहिणारी स्त्रीही.

विनाशाचा अधिकार

तिसरा दावा सर्वांत दुर्बल आहे. विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ च्या आधारे सेहगल यांना शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. न्यूयॉर्कमधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवरील चित्रे मालकाने २०१३ मध्ये पांढऱ्या रंगाने पुसली. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलावंतांना ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली व २०२० मध्ये अपिलातही ती कायम राहिली. दोन्ही निर्णय कलावंताच्या नैतिक अधिकाराचे महत्त्वाचे टप्पे आहेत. परंतु त्या कलाकृतींसमोरून रोज जाणारा नागरिक दोन्ही खटल्यांत पक्षकार नव्हता. मालकाचा हक्क आणि कलावंताचा हक्क यांच्यामध्ये ‘सर्व’ कोठेच उभे नाहीत.

निष्कर्ष

सार्वजनिक भित्तिकलेचे मूल्यमापन केवळ रंगसंगतीवर वा भिंतीच्या आकारमानावर करणे अपुरे आहे. ती भिंत कोणी निवडली, कोणाला नाकारली, तेथील रहिवाशांना कधी विचारले आणि चित्र पुसताना कोणाची संमती घेतली, हे प्रश्नही समीक्षेचेच आहेत. पहिला दावा रस्ता आपोआप पूर्ण करतो. दुसरा तुळशी पाइप रोडसारख्या उपक्रमांनी अंशतः पूर्ण केला आहे. तिसरा पूर्ण होईपर्यंत या कलेला ‘सर्वांना दिसणारी’ म्हणणे योग्य. ‘सर्वांची’ हे विशेषण तिला अद्याप मिळवायचे आहे.