उलव्याच्या उन्हातले चेहरे

नवी मुंबईतल्या उलव्यात कुटुंबाचे फोटो काढायला जागेची वाण नाही. सिडकोने आखलेले रुंद रस्ते आहेत, खारफुटीच्या कडा आहेत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झाल्यापासून मागे लांबवर जाणारी त्याची रेघही आहे. बारसं असो, वास्तुशांत असो की साठी, तीन पिढ्या ओळीने उभ्या राहतात आणि मागचं दृश्य देखणं येतं. बिघडतात ते चेहरे.

पहिली चूक वेळेची. साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावरच्या या भागात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस ते हेच. तेव्हा कपाळ चकाकतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, नाकाची सावली ओठांवर उतरते. परदेशी धड्यांतून उचललेला ‘गोल्डन अवर’, म्हणजे मावळतीआधीचा सोनेरी उजेड, तोही इथे तासभर टिकत नाही. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजावरचे शेवटचे सहा अंश तो २५ ते ३० मिनिटांत संपवतो. लंडनमध्ये त्याला ४० ते ५० मिनिटं लागतात. आजोबांची खुर्ची, रडणारं बाळ, साड्यांच्या निऱ्या यांतच निम्मा वेळ जातो. मग मावळता सूर्य पाठीशी घेऊन घाईने फोटो काढले जातात. आकाश सुंदर येतं, चेहरे काळे पडतात. ते नंतर संगणकावर उजळले की सावळी कांती राखाडी दिसते. सावळ्या त्वचेची ऊब तिच्यावरच्या चकाकीत असते. फोटो काढताना जी नोंदलीच गेली नाही, ती मागाहून येणार कुठून?

यावरचा उपाय इथल्या इमारतींखालीच आहे. खांबांवरच्या पार्किंगच्या छताखाली, कडेपासून एक-दोन पावलं आत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून सगळ्यांना उभं करावं. डोक्यावरचं ऊन छत अडवतं, समोरचं आकाश मऊ उजेड देतं आणि डोळ्यांत चमक येते. समोर उन्हातली फिकट कुंपणभिंत असेल तर फारच छान. हिरवळ असेल तर जपावं, तिची हिरवी छटा हनुवटीखाली चढते. सोनेरी रिफ्लेक्टरपेक्षा मला पांढरा थर्माकोल केव्हाही बरा वाटतो. फ्लॅश लावायचाच तर जवळून नको. पुढची ओळ दिव्यापासून एक मीटरवर आणि मागची दोन मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या एक चतुर्थांशच उजेड मिळतो. तोच दिवा पुढच्या ओळीपासून चार मीटरवर नेला तर मागच्यांना जवळपास दोन तृतीयांश मिळतो. पार्किंगच्या छताखालून पूल दिसत नाही, म्हणून ती जागा टाळली जाते. माझ्या मते हा सौदा वाईट आहे.

फोटोंचं रिटचिंग आजचं नाही. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने सुरकुत्या हलक्या करत. एकेका चेहऱ्यावर वेळ घालवावा लागे, त्यामुळे हात कुठे थांबवायचा हे कारागिराला उमजे. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या व्यक्तिचित्रांतला मऊपणा अनेकांना हवा असतो, पण तो मुळात प्रकाशातून आलेला आहे. आज त्याची नक्कल चेहरा पुसट करून होते आणि एकच गुळगुळीतपणा शंभर फोटोंवर फिरतो. या परिसरातल्या आगरी-कोळी घरांत म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. त्वचेवरचा गडद ठिपका म्हणजे डाग, एवढंच सॉफ्टवेअरला ठाऊक. आजीच्या कपाळावरून ते गोंदण पुसलं जातं आणि अल्बम हाती येईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

रंगाचंही तेच. कोडॅकच्या रंगीत छपाईचा तोल पूर्वी गोऱ्या बाईचा फोटो असलेल्या ‘शर्ली कार्ड’वरून जुळवला जाई. गडद छटा नीट येत नाहीत ही फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांची तक्रार आली, तेव्हा कुठे सुधारणेला वेग आला. गडद त्वचाही नीट टिपणारं ‘रिअल टोन’ गुगलने आणलं ते २०२१ मध्ये. आपल्याकडे मात्र तयार प्रीसेट लावून सासू, जावई, नात सगळ्यांना एकाच फिकट गुलाबी रंगात बसवलं जातं. कुटुंबाच्या फोटोत पाहायचं असतं ते साम्य: आजोबांच्या नाकाचा बाक नातीत कसा उतरलाय, आईच्या गालावरचा तीळ मुलाच्या कुठे आहे. प्रत्येक चेहरा सुटा सुटा सुधारला की हे धागे तुटतात.

आलेलं पुरळ, डास चावल्याची गांधी खुशाल काढावी. देवीचे वण, तीळ, गोंदण यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि विचारायचं तिलाच, जिचा तो चेहरा आहे. बहुतेक वेळा पैसे देणारा मुलगा ‘आईला जरा तरुण करा’ म्हणून मोकळा होतो. एडिटिंगला बसण्यापूर्वी तिचा फोटो स्क्रीनवर मोठा करून तिच्यासमोर धरावा. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते ती सांगेल.